दरडीखालच्या वाडीने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात काय करावे

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला, तेव्हा त्या वाडीचे नाव सरकारी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण सकाळी गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. महाड तालुक्यातील तळिये २२ जुलै २०२१ रोजी दुपारनंतर गाडले गेले, आणि त्याच दोन दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव, खेड तालुक्यातील पोसरे येथेही दरडी आल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे उपयोगी आहेत, परंतु राष्ट्रीय पातळीवरील भूस्खलन संवेदनशीलता नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केलेले असतात. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर असतो. वीस-पंचवीस घरांची वाडी आणि तिच्या डोक्यावरची नेमकी घळ एवढ्या प्रमाणात स्वतंत्रपणे दिसत नाही. त्यामुळे यादीत नाव असलेल्या गावाने तर तयारी करावीच, पण नाव नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

हा लेख सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणाकडील उतारांवर वसलेल्या वाड्यांतील सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई आणि मुंबई-पुण्यात राहून गावाची काळजी वाहणाऱ्या मंडळींसाठी आहे. त्यातील मुख्य सूचना एकच आहे. घर सोडून हलण्याचा निर्णय आकड्यांसह मे महिन्यात ग्रामसभेत ठरवून ठेवावा आणि जुलैत त्यावर चर्चा न करता तो अमलात आणावा. भर पावसात, अंधारात, वीज गेलेली असताना घेतलेले निर्णय बहुधा उशिराचे असतात.

डोंगर का सुटतो

सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला बेसॉल्टचा डोंगर आहे. वरचा खडक ऊन-पावसाने कुजून त्याचा मुरूम आणि माती झालेली असते, काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या चिकण मातीचा पट्टा असतो, आणि सगळ्याच्या खाली न कुजलेला काळा कातळ असतो. पावसाचे पाणी मुरुमातून आणि भेगांतून खाली उतरते, पण कातळाला किंवा चिकण मातीला लागल्यावर त्याची वाट अडते आणि ते तिथेच साचू लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर लोटतो, त्यांच्यातील घर्षण कमी होते, आणि वरचे सगळे ओझे ज्या पकडीवर थांबलेले असते ती पकड सुटते.

या ओझ्याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. इर्शाळवाडीच्या परिसरात दुर्घटनेआधीच्या तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. तेवढा पाऊस एक हेक्टर उतारावर सुमारे ५० लाख लिटर, म्हणजे पाच हजार टन पाणी टाकतो. त्यातला मोठा भाग वाहून जातो हे खरे, परंतु मुरणारा भागही थोडा नसतो.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, आजच्या पावसाइतकाच कालचा आणि परवाचा पाऊस महत्त्वाचा असतो, कारण जमीन आधीच भरलेली असेल तर थोड्या सरीनेही ती सुटू शकते. दुसरी, पाऊस ओसरल्याबरोबर धोका संपत नाही, कारण वर मुरलेले पाणी पुढचे कित्येक तास खाली झिरपत राहते. उघडीप पडली म्हणून दुपारी घरी परतणे ही या दृष्टीने फार मोठी जोखीम आहे.

माळीणनंतर यंत्राने केलेले जमिनीचे सपाटीकरण, जंगलतोड आणि पाऊस यांपैकी दोष कशाचा यावर बराच वाद झाला. माझ्या मते निमित्त पावसाचेच असते, पण एकाच रात्रीच्या पावसात शेजारच्या दहा उतारांपैकी कोणता आधी सुटणार, हे पायथ्याशी घातलेल्या घावामुळे आणि अडवलेल्या पाण्यामुळे बदलू शकते.

पहिली पायरी: उतार चालून पाहणे

एप्रिल-मे महिन्यांत, गवत वाळलेले असताना, चार-पाच जणांनी वाडीच्या वरचा संपूर्ण उतार माथ्यापर्यंत चालून पाहावा. बरोबर गुराखी किंवा लाकूडफाट्याला वर जाणाऱ्या बाया अवश्य असाव्यात, कारण डोंगरात काय बदलले हे त्यांना इतरांपेक्षा आधी माहीत असते. हीच फेरी जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर, उघडीप पाहून, पुन्हा एकदा करावी.

सर्वांत आधी शोधायची ती भेग. उन्हाने काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा जाळीसारख्या आणि आखूड असतात. त्या सोडून द्याव्यात. धोक्याची भेग लांब असते, उताराला आडवी जाते, बहुधा चंद्रकोरीसारखी वळलेली असते आणि तिची दोन्ही टोके उताराच्या दिशेने खाली झुकलेली असतात. तिच्या काठावर बसून पाहिले तर खालच्या बाजूची जमीन वरच्या बाजूपेक्षा दोन बोटे का होईना खचलेली दिसते, आणि भेगेतून तुटलेली गवताची मुळे ताणून बाहेर आलेली असतात. अशी भेग सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून हातभर अंतरावर, एकेक लोखंडी खुंटी ठोकावी, दोन्ही खुंट्यांमधील अंतर टेपने मोजून तारखेसह वहीत लिहावे, आणि अशा तीन-चार जोड्या भेगेच्या लांबीवर बसवाव्यात. पावसाळ्यात धोका पत्करून तिथे वारंवार जाण्याची गरज नाही. सुरक्षित वाटेने पोहोचता येत असेल तेव्हा उघडीप पाहून मोजावे, आणि अंतर वाढलेले आढळले तर ते थोडे की फार हा विचार न करता वाडी हलवावी. भेग उघडी ठेवू नये. ती चिकण मातीने ठासून भरावी आणि वरच्या अंगाला छोटा चर काढून वाहते पाणी तिच्यापासून बाजूला वळवावे.

घरांकडेही याच नजरेने पाहावे. भिंतीतील तिरप्या भेगेवर सिमेंटचा पातळ पट्टा ओढून तारीख घालावी. पट्टा तडकला तर भेग चालू आहे असे समजावे. मागच्या वर्षी नीट लागणारी दारे-खिडक्या या वर्षी अडकू लागणे, विजेचे खांब किंवा झाडे एकाच दिशेने कलणे, गडगा पोट काढून पुढे येणे, जोत्याशी नवा पाझर फुटणे, ही सर्व जमीन सरकत असल्याची चिन्हे आहेत. कुत्री रडणे, गुरे बिथरणे यांसारख्या गोष्टींवर मात्र भिस्त ठेवू नये. त्या घडतीलच असे नाही आणि घडल्या तरी त्यांचे कारण दुसरे असू शकते.

दुसरी पायरी: वाडीचा स्वतःचा नकाशा

एका मोठ्या कागदावर वाडीचे प्रत्येक घर, ओढे, पऱ्ये, विहिरी, पायवाटा, शाळा, देऊळ आणि वरच्या घळी काढाव्यात. डोंगराची सोंड आणि दोन सोंडांमधला खोलगट भाग यांतला फरक नकाशात स्पष्ट दिसला पाहिजे, कारण पाणी आणि माती खोलगट भागात गोळा होते आणि राडा, म्हणजे चिखल-दगडांचा लोंढा, बहुधा तिथूनच सुटून ओढ्याच्या वाटेने खाली धावतो. ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या सपाटीवर बांधलेली घरे सर्वांत जास्त धोक्यात असतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कोणी राहत आहे एवढ्यावरून ती जागा सुरक्षित ठरत नाही. उलट, त्या सपाटीत विहीर खणताना मातीत अस्ताव्यस्त पुरलेले मोठाले गोटे लागत असतील, तर ती सपाटी जुन्या दरडींनीच बनलेली असण्याची शक्यता आहे.

लाल रंगाने तीन प्रकारची घरे दाखवावीत: ओढ्याच्या तोंडावरची, रस्त्यासाठी किंवा घरासाठी उभा कापलेल्या डोंगराच्या लगतची, आणि भेगेच्या सरळ खाली येणारी. प्रत्येक घरावर रात्री तिथे किती माणसे झोपतात आणि कोणत्या खोलीत झोपतात हे पेन्सिलीने लिहावे. हा तपशील त्या वेळी अवघड वाटतो, पण दुर्घटना झालीच तर कुठे खणायचे हे त्यावरूनच कळते. नकाशाची एक प्रत वाडीबाहेर, ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात ठेवावी. मुंबईतील चाकरमान्यांपैकी दोघांच्या मोबाइलमध्येही त्याचा फोटो असावा.

तिसरी पायरी: पाऊस आपण मोजणे

महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राचा आकडा संपूर्ण मंडळासाठी असतो. घाटात मात्र दोन डोंगरांमधल्या अंतरात पाऊस निम्मा-दुप्पट होऊ शकतो. म्हणून वाडीचे स्वतःचे पर्जन्यमापक असावे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फूट लांबीचा तुकडा घ्यावा, खालचे तोंड टोपण चिकटवून पक्के बंद करावे आणि तो खांबाला सरळ उभा बांधावा. सरळ बाजूच्या भांड्यात जितके मिलिमीटर पाणी साचते तितकाच पाऊस झालेला असतो. भांड्याची रुंदी किती याने फरक पडत नाही, मात्र तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे हवेत. जागा उघडी असावी. जवळचे झाड किंवा छप्पर जेवढे उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर मापक ठेवावे, आणि तोंड जमिनीपासून पुरेसे वर असावे म्हणजे उडणारे शिंतोडे आत जाणार नाहीत. टोपणाचा तळ गोलसर असेल तर पाणी ओतून तो आधी सपाट पातळीपर्यंत भरावा आणि ती पातळी शून्य धरावी.

हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. आपणही तीच वेळ पाळली तर आकड्यांची तुलना करता येते. पट्टी बुडवून पाणी मोजावे, लिहावे आणि मापक रिकामे करावे. जोराचा पाऊस असेल तर दर तीन तासांनी वाचन घ्यावे. वहीत रोज दोन आकडे लिहावेत, आजचा पाऊस आणि मागच्या तीन दिवसांची बेरीज. उदाहरणार्थ, परवा ६०, काल १४० आणि आज ११० मिमी झाला असेल, तर तीन दिवसांची बेरीज ३१० होते, आणि आजचा आकडा कालच्यापेक्षा कमी असला तरी जमिनीच्या दृष्टीने आजचा दिवस कालच्यापेक्षा वाईट असतो. हे काम शाळेतील वरच्या वर्गांतील मुले फार चोख करतात. मात्र जबाबदारी एका मोठ्या माणसाच्या नावावर असावी.

चौथी पायरी: हलण्याचा आकडा ठरवणे

हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमीला अतिजोरदार आणि त्याच्या पुढे अत्यंत जोरदार म्हणते. पिवळा इशारा लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा आणि लाल कृती करण्याचा असतो. हे इशारे जिल्ह्यासाठी असतात. आपल्या उतारासाठीचा आकडा आपल्यालाच ठरवावा लागतो, आणि संपूर्ण सह्याद्रीला लागू पडेल असा एकच आकडा देता येत नाही. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात सुमारे ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. ज्या पट्ट्यात दरवर्षी खूप पाऊस पडतो तेथील उतार मुळातच अधिक पाऊस सोसणारे असतात, आणि कमी पावसाच्या पूर्व उतारावर त्याच्या निम्म्या पावसातही दरड येऊ शकते.

सुरुवात म्हणून, स्वतःच्या नोंदी जमेपर्यंत, कोकणाकडील मध्यम पावसाच्या वाडीने पुढील नियम ठेवावा असे मला वाटते. तो अनुभवाने बदलायचा नियम आहे, शास्त्रीय मर्यादा नव्हे. तीन दिवसांची बेरीज ३०० मिमीवर गेली की लाल खुणेच्या घरांतील वृद्ध, आजारी, गरोदर व बाळंत स्त्रिया आणि लहान मुले यांना त्याच दिवशी हलवावे. ती ४०० मिमीवर गेली, किंवा एका दिवसात २०० मिमीहून अधिक पाऊस होऊन तो थांबण्याचे लक्षण नसेल, किंवा लाल इशारा असताना बेरीज आधीच ३०० च्या वर असेल, तर लाल घरे पूर्ण रिकामी करावीत. आणि जमिनीचे एकही चिन्ह दिसले, म्हणजे झरा अचानक गढूळ झाला, कोरड्या जागी पाणी फुटले, वरून दगड गडगडू लागले, भेग वाढली, किंवा मुसळधार पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर पावसाचा आकडा न पाहता वाडी सोडावी. ओढा कमी होणे हे लोकांना दिलासा देणारे वाटते, परंतु वर कुठे तरी राड्याने प्रवाह अडला असल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तो बंधारा फुटला की सगळे एकदम खाली येते.

वेळेचा नियम यापेक्षाही कडक ठेवावा. हलायचे ते दिवेलागणीच्या आत. आकडा संध्याकाळी पाच वाजता मर्यादेच्या जवळ आला असेल आणि रात्री पाऊस अपेक्षित असेल, तर मर्यादा गाठली असेच धरावे. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत दिवसा माणसे शेतात असतात आणि रात्री सगळी छपराखाली झोपलेली असतात, त्यामुळे तीच दरड रात्री आली तर हानी कितीतरी पट होते.

चार वेळा हलून एकदाही काही झाले नाही की पाचव्या वेळी लोक कुरकुरतात, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून ग्रामसभेतच हे सांगून ठेवावे की नियम पाळल्यास बहुतेक वेळा काहीच घडणार नाही, आणि आदेश देणाऱ्या पोलीस पाटलाला त्याबद्दल कोणी बोल लावणार नाही.

पाचवी पायरी: कुठे, कोणत्या वाटेने आणि काय घेऊन

निवाऱ्याची जागा त्याच ओढ्याच्या काठावर किंवा त्याच डोंगराच्या पायथ्याला नसावी. जिल्हा परिषदेची शाळा सोयीची म्हणून निवडली जाते, पण नकाशात तीच लाल पट्ट्यात येत असेल तर दुसरी जागा पाहावी. शेजारच्या गावाशी आधीच बोलून ठेवलेले बरे. वाट ओढा ओलांडणारी नसावी आणि ओढ्याच्या कडेने खाली उतरणारीही नसावी. राड्याच्या पुढे धावून कोणी सुटत नाही, त्याच्या मार्गातून आडवे बाजूला होऊन सोंडेवर चढणारा सुटतो. ही वाट जूनमध्ये एकदा सगळ्यांनी मिळून, शक्यतो पावसात, चालून पाहावी आणि आजारी माणसाला डोलीतून नेण्यास किती वेळ लागतो ते मोजावे.

प्रत्येक घराची एक पिशवी दाराशी असावी. आधार, रेशनकार्ड, सातबारा आणि बँकेचे पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, नेहमीची औषधे, विजेरी, काडेपेटी, कोरडे कपडे, चणे-फुटाणे-गूळ आणि पाणी एवढे पुरे. गुरांच्या दावणी सोडाव्यात आणि गोठ्याचे दार उघडे ठेवावे. पुष्कळ लोक गुरांसाठीच मागे राहतात, त्यामुळे गुरांना कुठे न्यायचे हेही आधीच ठरलेले हवे. हलण्याची खूण एकच असावी, देवळाची घंटा किंवा भोंगा, आणि पावसाळ्यात ती दुसऱ्या कशासाठीही वाजवू नये. मोबाइलवर विसंबू नये, कारण वीज गेली की मनोरेही बंद पडू शकतात. तरीही नेटवर्क असेपर्यंत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅप इशाऱ्यांसाठी चालू ठेवावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, राज्याचा १०७० आणि ११२ हे क्रमांक दारामागे लिहून ठेवावेत.

सहावी पायरी: दरड आलीच तर

बाहेरची मदत तत्काळ येईल असे धरू नये. तळियेच्या वेळी महाड पुराने वेढलेले होते आणि बचावपथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, पायवाटेने चढून जावे लागत होते आणि खोदण्याची यंत्रे वर नेता आली नाहीत. त्यामुळे पहिले काही तास वाडीचे स्वतःचे असतात.

आधी १०७७ वर ठिकाण, वेळ आणि अंदाजे किती घरे गेली हे सांगावे. नंतर निवाऱ्यातच नकाशा व यादी घेऊन हजेरी घ्यावी, म्हणजे कोण सापडायचे आहे ते नावानिशी कळेल. खणायला जाण्यापूर्वी एका माणसाला शिट्टी देऊन, वरचा उतार दिसेल अशा सुरक्षित सोंडेवर उभे करावे, कारण एका दरडीनंतर त्याच जखमेतून दुसरी येणे नेहमीचे आहे. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आडवे बाजूला पळायचे. अधूनमधून काम थांबवून पूर्ण शांत राहून हाका द्याव्यात आणि कान द्यावा. वीज वितरण कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा, पडलेल्या तारांना हात लावू नये आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा वास आला तर आग पेटवू नये.

पावसाळा संपल्यावरची कामे

उतारावरची पहिली दुरुस्ती पाण्याची असते. वाडीच्या वर आडवा, दगडांनी बांधलेला चर काढून वरचे पाणी बाजूच्या ओढ्यात सोडावे आणि छपरांच्या पागोळ्या जोत्याशी मुरू देऊ नयेत. पाणलोटाच्या कामांत खणले जाणारे सलग समतल चर शेताला उपकारक असले, तरी जाड मातीच्या तीव्र उतारावर, खाली वस्ती असताना, ते खणू नयेत. त्यांचा हेतूच पाणी मुरवण्याचा असतो, आणि येथे तेच टाळायचे असते. डोंगराच्या पायथ्याची माती मुरुमासाठी किंवा घरासाठी कापू नये. संरक्षक भिंत बांधलीच तर तिला पाणी निघण्यासाठी भोके असावीत आणि ती दरवर्षी मोकळी करावीत. भोके बुजलेली भिंत मागचे पाणी अडवून स्वतःच कोसळते. वाळ्याचे गवत ओळीने लावल्यास त्याची खोल मुळे वरची माती चांगली धरतात. मात्र कातळापर्यंतचा सगळा थर सरकत असेल तर गवत किंवा झाडे त्याला थांबवू शकत नाहीत, अशा जागी घर हलवणे हाच उपाय उरतो.

त्यासाठी भेगांची मोजमापे, तारखेसह फोटो, पावसाची वही आणि नकाशा जोडून ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. ठरावात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून जागेची पाहणी व्हावी अशी स्पष्ट मागणी असावी, लाल घरांची नावे क्रमाने द्यावीत, आणि पुनर्वसनासाठी गावाला मान्य असलेली जागा, तिथल्या पाण्याच्या सोयीसह, सुचवावी. शेती, गुरे आणि देवस्थान यांच्यापासून फार दूरची जागा दिली तर लोक दिवसा जुन्या वाडीत राहतात आणि पावसाळ्यात रात्रीही तिथेच मुक्काम करू लागतात. म्हणून जागेबद्दलचा आग्रह ठरावातच लिहून पाठवावा आणि त्याची पोच घेऊन ती पावसाच्या वहीत चिकटवावी.